भुरी कुणी खाल्ली?

धाकलीबाय रागावली की ओरडत नाही. ती गप्प बसते, आणि ते गप्प बसणं वर्षानुवर्षं टिकतं. अंबाडी नाक्यावरच्या एका दुकानदारानं कधीकाळी तिला खडे मिसळलेली तूरडाळ दिली होती. तेव्हापासून ती त्या दुकानासमोरून चालतच नाही. रस्ता ओलांडते, दुकान मागं पडलं की परत ओलांडते. तो दुकानदार मेला, त्याच्या मुलानं गाळा विकला, आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात, तरी धाकलीबायचं ओलांडणं चालूच आहे. मी एकदा म्हटलं, "अगं, तो माणूस गेला की."

"तो गेला," ती म्हणाली. "मी हाय ना."

मी संघरत्ना. पडघ्याला आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे आणि बारशाचे फोटो मी पोटासाठी काढते, डोंगरांचे हौसेसाठी. पहाटे स्कूटरवर कॅमेरा आणि तिवई लादून एकटी बाई रानात जाते म्हणून पडघ्यातले काही शहाणे नाकं मुरडतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या घरची लग्नं घेत नाही. धाकलीबायचं आणि माझं का जमलं हे यावरून कुणालाही कळेल.

अंबाडीहून आत गेलं, डांबर संपलं, की ओहोळाच्या पलीकडं टेपाचा पाडा लागतो. वारली लोकांची वस्ती, घरं थोडी, खाचरं उतारावर. तिथून माहुलीचा डोंगर असा दिसतो की सूर्य वर यायच्या आधी त्याची कड आधी जांभळी होते, मग विस्तवासारखी लाल. मी पहिल्यांदा तो फोटो घ्यायला गेले तेव्हा बरोबर मधोमध एक म्हैस उभी होती. भुरकट केस, एक शिंग खाली वळलेलं, आणि पार्श्वभाग थेट कॅमेऱ्याकडं. मी हुसकलं, खडा मारल्यासारखं केलं, शेवटी हात जोडले. म्हैस हलली नाही. मागून आवाज आला, "ती न्हाय हटायची. तिची जागा हाय ती. तू हट, बाय."

मी हटले. त्या दिवसापासून भुरी माझ्या फोटोंत आली आणि धाकलीबाय माझ्या आयुष्यात.

धाकलीबायचा नवरा राहनाळच्या गोदामांत हमाली करायचा. एका पावसाळ्यात तापानं गेला. मुलगी लग्न होऊन वाड्याकडं दिलेली, सणाला येते. नवरा गेला त्याच वर्षी पडघ्याजवळच्या एका तबेल्यातून धाकलीबायनं एक पारडी आणली. आई मेलेली, पाय लटपटणारे, तबेल्यावाल्यानं "जगणार नाही, घेऊन जा" म्हणून दिलेली. धाकलीबायनं तिला भाताची पेज पाजली, थंडीत स्वतःची गोधडी घातली, आणि पारडीची भुरी झाली. भुरीचं दूध फार नव्हतं. पण तिच्याशी बोलता यायचं. दिवसभर पाड्याची गुरं चारून आली की धाकलीबाय आधी भुरीजवळ बसायची, कोण काय बोललं ते सगळं तिला सांगायची, आणि भुरी रवंथ करत ऐकायची. माणसांबद्दलचे सगळे राग त्या म्हशीच्या पोटात जिरत असणार. म्हणून म्हैस गेल्यावर ते कुठं जाणार हे कुणीतरी आधीच ओळखायला हवं होतं.

शेजारी किशन. कुडाला कूड लागून घर. त्याचा बाप आणि धाकलीबायचा नवरा एकाच नांगराचे सोबती, एकमेकांची शेतं नांगरून द्यायचे. किशन बरीच वर्षं राहनाळला टेम्पो चालवत होता. तिथं त्यानं हिंदी उचललं, थोडं इंग्रजी उचललं, आणि एक दिवस पाड्यावर परत आला तो डोक्यात योजना घेऊन. ठाणे-मुलुंडच्या लोकांकडं महागडे कॅमेरे असतात, त्यांना डोंगर काढायचे असतात, आणि आपल्या उतारावरून डोंगर फुकट दिसतो. त्यानं भाताची दोन खाचरं मोडून तिथं लॉन लावलं, तंबू ठोकले, दगडांना पांढरा रंग मारून 'इथे उभे राहून फोटो काढा' असं लिहिलं, आणि पाटी लावली: 'किशन्स नेचर फ्रेम'. पाड्यातली माणसं पाटीकडं बघून हसली, पण दर शनिवारी गाड्या यायला लागल्या हेही खरं.

जाहिरातीचे फोटो माझ्याकडूनच काढून घेतले त्यानं. फोटो बघून म्हणाला, "ताई, एकदम झकास. फक्त ती म्हस काढा. आणि म्हातारीच्या घरावरचं निळं प्लास्टिकपण. गेस्टला नॅचरल पायजे."

धंदा आहे, गिऱ्हाईक सांगेल ते करायचं. कॉम्प्युटरवर मी भुरी पुसली, निळं प्लास्टिक पुसलं, आणि मूळ फोटो माझ्याजवळ ठेवला. किशन मात्र फोटोत पुसून थांबणारा नव्हता. लॉनवर गुरं येतात, शेण पडतं, पाहुणे नाक धरतात. म्हणून त्यानं कुंपण घातलं. गुरांची ओहोळाला जायची वाट त्या कुंपणातच गेली. बाकीच्यांनी कुरकुर केली आणि लांबून फिरून जायला लागले. भुरीला लांबून जाणं कळत नव्हतं. ती रोज त्या तारेपाशी येऊन उभी राहायची, जणू कुणीतरी येऊन दार उघडणार आहे.

श्रावणात एका सकाळी ती तिथंच मेलेली सापडली. ओल्या गवतात, तोंड तारेला लागलेलं, ओठ काळे पडलेले. रात्री रानडुकरं येतात म्हणून किशननं तारेत करंट सोडला होता. हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं, कारण संध्याकाळी मोटरच्या खोलीतून वायर ओढताना चौघांनी त्याला पाहिलं होतं. धाकलीबायचा निरोप आला तशी मी स्कूटर काढली. पोचले तेव्हा जेसीबी खड्डा बुजवत होता. गुरांच्या डॉक्टरला बोलवायच्या आधी, धाकलीबाय ओहोळावर तोंड धुवायला गेली तेवढ्यात, किशननं म्हैस पुरून टाकली होती. "वास सुटला असता ताई, पाहुणे बाराला येतात," तो मला म्हणाला, आणि वर त्यानं मला लॉनचा ताजा फोटो काढायला सांगितला.

मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी पाड्याची बैठक बसली. किशन म्हणाला, साप चावला. सावळ्यादादा, पाड्यातला जुना गुराखी, ज्याचा शब्द सगळे मानतात, त्यानं विचारलं, "करंट सोडला हुतास का?" किशन उठला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "वाघदेवाची आण. न्हाय सोडला." वाघदेवाची आण घेतल्यावर पुढं बोलायची सोय राहत नाही. ज्या चौघांनी वायर पाहिली होती त्यांतले दोघं त्याच्याकडं तंबू ठोकायला जायचे, त्यांनी खाली बघितलं, आणि त्यांच्या पाठोपाठ बाकीच्यांनीही. किशन जाता जाता मोठेपणानं म्हणाला, "मावशे, एक शेळी देतो तुला."

धाकलीबायनं शेळी घेतली नाही. ती गप्प बसली.

किशनला वाटलं, म्हातारी विसरली. तो तिला रोज हाका मारायचा, "कशी हायस मावशे," आणि ती मान हलवायची. मीच एकटी होते जिला त्या मान हलवण्याची भीती वाटायची. गोठ्यात भुरीचा खुंटा तसाच होता, दावं तसंच गुंडाळून ठेवलेलं. रोज दिवस कलला की धाकलीबाय अंगणाच्या टोकाला जायची, तळहात तोंडाशी धरायची आणि कुंपणाच्या दिशेनं हाक मारायची, "भुरी गं, ये, घरला ये." सवयीनं मारते असं पहिले काही दिवस मला वाटलं. मग कळलं, ती किशनच्या तंबूंना ऐकू जावं म्हणून मारते. तंबूतले पाहुणे मात्र म्हणायचे, किती गोड आवाज आहे.

दिवाळीच्या तोंडावर ती पडघ्याला आली. माझ्या स्टुडिओत ती पहिल्यांदाच येत होती. पडद्यासमोरच्या खुर्चीवर ताठ बसली, जणू फोटोच काढायचाय.

"बाय," ती म्हणाली, "किशनला सांग, वाघबारशीला तू वाघ हो. फोटो चांगला येल म्हणून सांग."

टेपाच्या पाड्याची वाघबारस कशी असते ते सांगते. शहरात त्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराला ओवाळतात. पाड्यावर त्याच दिवशी वाघदेवाचं करतात. गुरंवाल्या घरांनी तांदूळ, गूळ, नारळ द्यायचा. शिवेवर, ओहोळाच्या पाड्याकडच्या काठाला, वाघदेवाचा लाकडी पाट आहे, त्याला शेंदूर लावायचा, आणि तिथंच टोपात खीर शिजवायची. एक माणूस वाघ होतो. अंगाला राखेचे पट्टे, पाठीवर घोंगडी, कमरेला दोर. त्याला देवापुढं ओणवं बसवतात, आणि त्या वर्षी ज्या घरचं जनावर गेलं असेल त्या घरचं माणूस त्याला सवाल करतं. काय खाल्लंस, कसं खाल्लंस, परत येशील का. समोर देव असतो म्हणून वाघानं खरं सांगायचं. मग "येणार न्हाय" म्हणून वाघ पळतो आणि सगळे काठ्या आपटत त्याला ओहोळापार घालवतात. पलीकडं तो राख धुतो. ज्यानं सवाल केले त्यानंच मग त्याला नावानं हाक मारायची, 'अमक्या, खीर खायला ये.' हाक आली की वाघाचा परत माणूस होतो. हाक येईपर्यंत तो वाघ.

दरवर्षी वाघ सावळ्यादादाच व्हायचा. लोक हसायचे, पोरं किंचाळायची, आणि राख धुऊन व्हायच्या आधीच "सावळ्या, ये रे" अशी हाक पडायची. हाक पडली नाही असं पाड्याच्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

त्या वर्षी पाड्यातलं जनावर एकच गेलं होतं.

"सवाल तू करणार," मी म्हटलं.

"माझा मान हाय तो."

"आणि हाक?"

धाकलीबायनं पदरानं तोंड पुसलं. "चहा पाज," ती म्हणाली.

मी चहा केला, वर बिस्किटं ठेवली. खरं सांगायचं तर इतका आनंद मला स्वतःच्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हाही झाला नव्हता.

किशनला पटवायला मला अवघं एक वाक्य लागलं. वाघबारशीला त्यानं मुद्दाम पाहुणे बोलावले होते, 'ट्रायबल फेस्टिव्हल आणि सनसेट' अशी जाहिरात केली होती. मी म्हटलं, "सावळ्यादादा आता फ्रेममध्ये फार म्हातारा दिसतो रे. वाघ कसा भरदार पाहिजे." त्यानं तिथल्या तिथं शर्ट काढून दंड फुगवून दाखवला. मी मान डोलावली. बायकोला, ललिताला, ते आवडलं नाही. ती म्हणाली, "आवंदा सवाल धाकलीमावशीचा हाय, तुमी नका होऊ." किशन हसला. "ती कवाच विसरली. आन खेळ हाय तो, खेळात काय व्हतंय?" इतकी वर्षं राहनाळला टेम्पो हाकताना तो एकाही वाघबारशीला घरी आला नव्हता. पाहुण्यांना दाखवायची गोष्ट म्हणूनच ती त्याला आता आठवत होती.

वाघबारशीला दिवस कलायला लागला तेव्हा शिवेवर अख्खा पाडा जमला. भात निम्मा कापलेला, उरलेला पिवळा, मागं माहुली उन्हात तांबडी झालेली. पाहुणे पांढऱ्या दगडांवरून उठून आले होते आणि गळ्यात कॅमेरे अडकवून पुढं घुसत होते. सावळ्यादादानं पाटाला शेंदूर लावला. ढोल वाजायला लागला. किशन राखेचे पट्टे ओढून, घोंगडी पांघरून, दोन्ही हात टेकून देवापुढं ओणवा झाला, आणि माझ्याकडं बघून दात दाखवून गुरगुरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

धाकलीबाय पुढं आली. हातात भुरीला वळायची काठी होती.

"वाघा, काय खाल्लंस?"

"जनावर खाल्लं," किशन मोठ्यानं म्हणाला.

"कंचं?"

"म्हस."

"नाव सांग."

किशन जरा थांबला. मग कॅमेऱ्यांकडं बघत हसला. "भुरी."

"भुरी कुणी खाल्ली?"

"मी खाल्ली."

"कशी?"

"दातानं. नखानं." हे उत्तर ठरलेलं असतं, दरवर्षी सावळ्यादादा हेच द्यायचा, आणि यानंतर पोरं किंचाळायला सुरुवात करतात. पोरांनी केलीही.

धाकलीबायनं काठी जमिनीवर आपटली. "दात कुठं लागला? मी बघली ना तिला. तिच्या अंगावर वरखडा न्हवता. व्हट काळं हुतं तिचं. वाघा, देवाच्या म्होरं हायस. कशी खाल्लीस?"

ढोलवाल्याचा हात थांबला. पोरं गप्प झाली. माझ्या मागं एक पाहुणी दुसरीच्या कानात म्हणाली, "केवढी नॅचरल अॅक्टिंग करतात ना ही लोकं." किशननं सावळ्यादादाकडं बघितलं. दादा पाटाकडं बघत होता. मग किशननं माझ्याकडं बघितलं, जणू मी म्हणणार आहे, झालं, फोटो आला, उठ आता. कॅमेरा माझ्या डोळ्याला होता.

"इकडं नको बघू," मी म्हटलं. "देवाकडं बघ."

त्यानं देवाकडं बघितलं. शेंदूर ओला होता. त्याच पाटाची आण घेऊन तो बैठकीत उभा राहिला होता, आणि आता त्याच्यासमोर गुडघ्यावर होता, आणि भोवती ती सगळी माणसं होती ज्यांनी तेव्हा खाली बघितलं होतं. आता कुणीही खाली बघत नव्हतं. त्याच्या कपाळावरची राख घामानं ओघळली.

"तारेनं," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"तारेनं खाल्ली. करंटनं."

ललितानं पदर तोंडात कोंबला. सावळ्यादादा अगदी हळू म्हणाला, "आण घेतली हुतीस रं तू." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून तो ऐकवत नव्हता.

"परत येशील या शिवारात?" धाकलीबायनं विचारलं.

"न्हाय येणार."

मग काठ्या आपटल्या. दरवर्षी त्या जमिनीवर आपटतात. त्या दिवशी दोन-चार त्याच्या पाठीवरच्या घोंगडीलाही लागल्या. किशन खरोखर पळाला. धडपडत ओहोळ ओलांडून पलीकडं गेला आणि वाकून राख धुवायला लागला. पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. दोघंतिघं तर पलीकडं जाऊन त्याच्याबरोबर फोटो काढून आले.

खीर झाली होती. सावळ्यादादा म्हणाला, "धाकले, हाक मार त्याला."

धाकलीबायनं खीर वाढायचा डाव हातात घेतला. आधी पाहुण्यांना वाढलं, मग पोरांना, मग ज्यांची ज्यांची गुरं होती त्यांना. स्वतःला वाढून घेतलं, खाली बसली आणि खायला लागली. सगळे पानावर थांबले होते. तिनं सावकाश पान संपवलं, परत थोडी घेतली.

"खीर बरी झालीया," ती म्हणाली.

पलीकडून किशन हसत ओरडला, "मावशे, बोलव की!" मग हसणं थांबलं. मग तो पाण्यात उतरला आणि यायला लागला. सावळ्यादादानं काठी आडवी धरली. "हाक न्हाय आली."

"दादा, खेळ हाय ना हा."

"देवाच्या म्होरं कसला खेळ? मान तिचा हाय. मी हाक मारली तं देवाला काय सांगू?"

आणि तेवढ्यात एका पोरानं ताट वाजवून आरोळी ठोकली, "वाघ आला, हाऽऽ!" मग सगळ्या पोरांनी. किशन गुडघाभर पाण्यात उभा राहिला. त्या क्षणाचा फोटो माझ्याकडं आहे. मागं माहुली सोन्यासारखी दिसते, प्रकाश फार सुरेख पडलाय.

दुसऱ्या दिवशी तो मागच्या रस्त्यानं मोटरसायकलवरून आला. बायकांनी दारं लावून घेतली, पोरांनी ताटं बडवली. त्यानं शिव्या दिल्या, पोलिसात जातो म्हणाला. जाऊन काय सांगणार होता? म्हातारी मला खीर खायला बोलवत नाही? तंबू ठोकणारे दोघं कामाला येईनात. वाघाच्या हाताखाली कोण काम करणार, असं त्यांच्या बायका म्हणाल्या. पाहुण्यांची एक खेप आली, पोरांच्या आरोळ्यांनी वैतागून परत गेली. महिन्याभरात तंबू निघाले. कुंपणाची तार सावळ्यादादानं स्वतः गुंडाळली आणि गुरं पुन्हा सरळ वाटेनं ओहोळाला जायला लागली. किशन राहनाळला खोली घेऊन राहिला आणि पुन्हा टेम्पोवर बसला.

काही लोक मला म्हणतात, एवढं करायला नको होतं, म्हशीसाठी माणसाला गावाबाहेर काढलंत. मी त्यांना सांगते, म्हशीसाठी नाही, खोट्या आणेसाठी. आणि मनातल्या मनात म्हणते, म्हशीसाठीच.

ललिता पाड्यावरच राहिली. शेत तिचं, गुरं तिची, तिला कुणी काही बोललं नाही. उलट तिची गुरं चारायला धाकलीबायच नेते आणि तिच्या गाईच्या गोचिड्या स्वतः काढते. पौषात एकदा मी तिथं असताना ललिता आली. मी भुरीचा तो मूळ फोटो मोठा करून आणला होता, माहुलीच्या पुढं पार्श्वभाग वळवून उभी असलेली भुरी, आणि कोपऱ्यात निळं प्लास्टिक. धाकलीबाय तो गोठ्यात, रिकाम्या खुंट्याच्या वर, टांगत होती. ललिता तिच्या पायाशी बसली.

"मावशे, चुकलं त्यांचं. एक हाक मार. तुझं काय जातं?"

धाकलीबायनं फोटो सरळ केला. पुन्हा जरा वाकडा वाटला म्हणून पुन्हा सरळ केला.

"मी रोज हाक मारते भुरीला," ती म्हणाली. "ती येते का?"

ललिता उठून गेली. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. किशनबद्दल तेव्हा तरी वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी ओहोळावर तिवई लावून बसले होते. पाणी घोट्याएवढं उरलं होतं. पलीकडच्या काठावर किशन उभा होता. सुटीच्या दिवशी तो असा येतो, आपलं घर, आपलं शेत बघत उभा राहतो, दिवस बुडाला की जातो. धाकलीबाय गुरं घेऊन पाण्यावर आली. त्यांत ललिताची तांबू गाय होती. वासरू असताना राहनाळहून सुटीला येऊन किशननंच वाढवलेली. तांबूनं मान वर केली, वास घेतला, आणि कुणी अडवायच्या आत पाणी ओलांडून त्याच्यापाशी गेली.

किशननं तिच्या मानेला मिठी मारली. ती त्याचा हात चाटत राहिली. धाकलीबाय अलीकडं काठी टेकून उभी होती. मग किशननंच तांबूचं शिंग धरलं, तिला पाड्याकडं वळवलं, पाण्यापर्यंत आणलं, पाठीवर थाप मारली. तांबू जाईना. तो ढकलत होता आणि ती वळून वळून त्याच्याकडंच बघत होती. तो रडत होता, मला लेन्समधून स्पष्ट दिसत होतं. मी बटण दाबलं नाही.

धाकलीबायनं काठी काखेत धरली. छाती भरून श्वास घेतला आणि तळहात तोंडाशी नेला.

किशननं मान वर केली. घाईघाईनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि एक पाय पाण्यात टाकला.

"तांबू गं," धाकलीबायनं हाक मारली, "ये, घरला ये."

तांबू पाणी उडवत अलीकडं आली. धाकलीबायनं तिच्या पाठीवर हात फिरवला आणि गुरं पाड्याकडं वळवली. किशन एक पाय पाण्यात ठेवून उभा होता, चपला हातात तशाच होत्या.